सत्राच्या मध्यावरचा अभिप्राय: वर्गातून घ्यायचा कसा आणि पुढे त्याचं करायचं काय

बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थ्यांचा अभिप्राय सत्र संपता संपता घेतला जातो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक येते, मुलं हॉल तिकिटाच्या रांगेत उभ्या उभ्या सगळीकडे ‘उत्तम’वर टिचकी मारतात आणि तक्ता अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, म्हणजे आयक्यूएसीच्या फाइलला लागतो. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची सोय होते. पण ज्यांनी लिहिलं त्यांच्या पदरात काहीच पडत नाही, कारण त्यांचं सत्र उरकलेलं असतं. पुढच्या वर्षी ती मुलं आणखी कमी लिहितात.

इथे दिलेली पद्धत सत्र चालू असताना वापरायची आहे. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजाला चालते, कलिना संकुलातल्या एखाद्या विभागालाही चालते. खर्च कागदापुरता. अट एकच: उत्तर द्यायची तयारी नसेल तर विचारायला जाऊ नका.

दिवस कोणता

पाचवा किंवा सहावा आठवडा धरा. त्याआधी मुलांना शिक्षकाची पद्धत पुरती कळलेली नसते; त्यानंतर अंतर्गत परीक्षा, गणपती, नवरात्र असं सुरू होतं आणि बदल करायला तासच उरत नाहीत. आठवडे मोजताना कॉलेजचं कॅलेंडर पाहू नका, त्या वर्गाचं पहिलं लेक्चर पाहा. प्रथम वर्षाच्या प्रवेशफेऱ्या लांबल्या की त्यांचा सहावा आठवडा तृतीय वर्षाच्या बराच मागे असतो.

मुसळधार पावसाचा दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ टाळा. त्या वेळी नेमकी विरार, कल्याण, पनवेलकडून येणारी मुलं गैरहजर असतात आणि सकाळच्या पहिल्या लेक्चरबद्दल सगळ्यात जास्त सांगण्यासारखं त्यांच्याचकडे असतं.

पंचवीस मिनिटांची गटचर्चा

लेखी फॉर्मपेक्षा ही पद्धत कितीतरी सरस आहे, कारण इथे मुलांना आपापसात बोलून एकमताला यावं लागतं. एखाद्याचा राग आणि वर्गाची अडचण यांतला फरक तिथल्या तिथे दिसतो.

चर्चा घेणारी व्यक्ती दुसऱ्या विभागातली हवी. विभागप्रमुख नको, परीक्षा विभागातलं कोणी नको, आणि त्याच मुलांना पुढच्या सत्रात शिकवणारंही शक्यतो नको. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या लेक्चरमधली शेवटची पंचवीस मिनिटं मागून घ्या. सुरुवातीची घेतली तर उशिरा येणारे सुटतात आणि शिक्षक परत आल्यावर वर्ग अवघडून बसतो.

शिक्षकाने स्वतः दोन वाक्यांत कारण सांगून बाहेर पडायचं, म्हणजे दाराबाहेर घोटाळायचं नाही, सरळ स्टाफरूममध्ये जायचं. मग मुलांचे चार ते सहा जणांचे गट करा. बाकावर बसल्या जागी पुढच्यांनी मागे वळायचं. उठाउठ केली तर पाच मिनिटं तिथेच जातात. प्रत्येक गटाला एक कागद आणि तीन प्रश्न: या विषयात शिकायला कशाने मदत होते? कशामुळे अडतं? या सत्रातच करता येईल असा कोणता बदल हवा? ‘या सत्रातच’ हे शब्द वगळू नका. ते नसले की मागण्या थेट अभ्यासक्रम बदलण्यापर्यंत जातात.

दहा मिनिटं गटात. पुढची दहा मिनिटं प्रत्येक गटाचा एकेक मुद्दा फळ्यावर, आणि लगेच हात वर: किती जणांना पटतं? आकडा मुद्द्याशेजारी लिहा. उरलेली पाच मिनिटं खोदून विचारायला. “सर फार भरभर शिकवतात” हे वाक्य फळ्यावर तसंच राहू देऊ नका. बोलणं भरभर, स्लाइड भरभर की उदाहरणं कमी? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. शेवटी फळ्याचा फोटो काढा आणि फळा पुसा. पुसायचं विसरलात तर पुढच्या लेक्चरला येणारे शिक्षक ते सगळं वाचतात.

एकशेवीसच्या वर्गात वीस-बावीस गट होतात, तेव्हा एकाला झेपत नाही. दोघं जा, एकाने फळा सांभाळायचा. प्रश्न मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत द्या आणि उत्तर कोणत्याही भाषेत चालेल हे तोंडी सांगा. इंग्रजीच हवं असा समज झाला की मराठी माध्यमातून आलेली मुलं लिहिणाऱ्याच्या हातात पेन देऊन गप्प बसतात, आणि अडचण बहुधा त्यांनाच अधिक असते.

पंचवीसपेक्षा लहान वर्ग असेल तर कागदही नको. हस्ताक्षर ओळखता येतं, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. तिथे फक्त तोंडी चर्चा घ्या.

फॉर्म वापरायचाच असेल तर

गुगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद ठेवा. ‘एकच प्रतिसाद’ हाही पर्याय बंद ठेवा, कारण त्यासाठी लॉगिन मागितलं जातं; ईमेल तुम्हाला दिसत नसला तरी मुलांचा विश्वास तिथेच उडतो. प्रश्न पाचच्या आत. मुलांना वर्गात सात मिनिटं देऊन तिथेच भरून घ्या.

सरासरीचं स्तोम माजवू नका. साठच्या वर्गात अठरा जणांनी फॉर्म भरला आणि त्यातल्या दोघांनी पाचऐवजी एक गुण दिला, तर सरासरी ०.४४ ने घसरते. मग ४.२ आणि ४.४ मिळालेल्या दोन शिक्षकांत वर-खाली ठरवण्यात काय अर्थ आहे? सरासरीऐवजी किती जणांनी कोणता पर्याय निवडला ते पाहा आणि दहापेक्षा कमी उत्तरं असतील तर आकडे काढूच नका. बाईंच्या साडीवर, सरांच्या उच्चारावर आलेले शेरे शिक्षकापर्यंत पोचवायचे नाहीत, ते गाळायचे.

शिक्षकाशी बोलणं

दोन दिवसांच्या आत, चहा घेत, बंद दाराआड. आधी ‘कशाने मदत होते’ पूर्ण वाचून दाखवा. ही शिष्टाचाराची बाब नाही. चांगलं चाललेलं आहे ते शिक्षकाने बदलून टाकू नये म्हणून ते आधी. मग अडचणींपैकी निम्म्याहून अधिक हात वर झालेले मुद्दे तेवढे घ्या. त्यातले दोन निवडून बदल ठरवा, दोनच. पाच बदल ठरवणारा शिक्षक एकही धड करत नाही.

चालणारे बदल साधे असतात. लेक्चरच्या शेवटी तीन मिनिटं राखून ‘आज न कळलेला मुद्दा’ चिठ्ठीवर मागवणं. स्लाइड आदल्या दिवशी देणं. अकाउंट्सचं गणित फळ्यावर सोडवण्याआधी मुलांना चार मिनिटं स्वतः झगडू देणं. एखादी मागणी न मानणंही रास्त असतं: “नोट्स डिक्टेट करा” ही मागणी जवळपास प्रत्येक वर्गात येते. तिला नकार द्यायचा असेल तर पुढच्या लेक्चरला कारणासकट द्या. उत्तर पुढच्याच लेक्चरला गेलं पाहिजे. आठवडा गेला की मुलांनी विषय सोडून दिलेला असतो.

चर्चेच्या या नोंदीची प्रत प्राचार्यांकडे किंवा वैयक्तिक फाइलमध्ये जाणार नाही, हे आधीच लेखी ठरवा. मूल्यमापनासाठी वेगळी वाट आहे. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढच्या वर्षी एकही शिक्षक वर्ग सोडून बाहेर जायला तयार होत नाही.

शिकवण्यापलीकडच्या तक्रारी

फळ्यावरच्या मुद्द्यांत पंखा, पाणी, शौचालय, ऑफिसची खिडकी हे हमखास येतं. ते शिक्षकाच्या यादीतून काढून वेगळं लावा.

काही गोष्टी मात्र या यादीतही ठेवायच्या नाहीत. लैंगिक छळाचा उल्लेख आला तर चर्चा घेणाऱ्याने चौकशी करायची नाही, कोणाला नावं विचारायची नाहीत. अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करण्याची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची असते, ती समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. हे संपूर्ण वर्गाला सांगा, कोणा एकाच व्यक्तीकडे पाहून नाही. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ आणि मानसिक ताणासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक फळ्यावर लिहून या. गुण, फी, कागदपत्रं अडवणं अशा तक्रारी विद्यार्थी तक्रार निवारण समितीच्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार समितीने कामकाजाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

पाण्याचं गणित करून पाहण्यासारखं आहे. “कूलर लावा” ही मागणी असते, पण खरी अडचण बहुधा नळांची असते. एक लिटरची बाटली भरायला लागणारे सेकंद मोजा. पंधरा सेकंद भरायला, पाच सरकायला, म्हणजे वीस मिनिटांच्या सुट्टीत एका नळावर साठ बाटल्या. सहाशे मुलांपैकी तिसरा हिस्सा आला तरी दोनशे बाटल्या, म्हणजे चार नळ हवेत. दोन नळांचा नवा कूलर आणून रांग तेवढीच राहते आणि पैसे गेलेले असतात.

शुद्धीकरणाचं यंत्र घेताना आधी पाणी कुठलं ते पाहा. मुंबई महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, त्यात विरघळलेले क्षार मुळातच कमी. भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे; हे क्षार मोजणारं टीडीएस मीटर बुडवून पाहा, नळाचं पाणी तिच्या खूपच खाली निघेल. अशा पाण्याला आरओ म्हणजे पाणी गटारात सोडणं. गाळण आणि यूव्ही पुरतं. बोअरवेल किंवा टँकर असेल तर गोष्ट वेगळी. बिघाड बहुतेक वेळा गच्चीवरच्या टाकीत असतो, यंत्रात नाही. म्हणून क्लोरीनची चाचणी यंत्राच्या आधीच्या नळावर करा, कारण कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो. तिथे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी आलं तर टाकी रिकामी करून घासायची वेळ झाली. झाकण नीट बसतं का तेही पाहून या, पावसाळ्याआधी तर नक्कीच.

शौचालयात माणसं वाढवण्याआधी वेळ बदला. जिथे सकाळी पदवीचे आणि दुपारी ज्युनियर कॉलेजचे वर्ग एकाच इमारतीत भरतात, तिथे सफाई सकाळी सातला होते आणि तक्रार दुपारच्या पाळीची येते. प्रत्येक मोठ्या सुट्टीनंतर अर्ध्या तासात एक फेरी, दारामागे सहीचा तक्ता. कडी, बादली आणि दिवा या तीन गोष्टी रोज तपासा. सॅनिटरी नॅपकिन जाळण्याचं यंत्र देखभालीच्या कराराशिवाय घेऊ नका.

वर्गखोलीसाठी शेवटच्या बाकावर जाऊन बसा. फळा वाचता येतो का, पंखे पूर्ण वेगात असताना शिक्षक ऐकू येतात का, खिडकी रस्त्याकडे उघडते की रुळांकडे? प्रोजेक्टर बंद असल्याची तक्रार आली तर आधी एचडीएमआय केबल आणि तिचं टोक बदलून पाहा, मग धुळीने भरलेली जाळी. एक जादा केबल शिपायाच्या टेबलात ठेवली तरी निम्म्या तक्रारी मिटतात. उतार बांधायचा असेल तर एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी. त्याहून उभा उतार हा फोटोपुरता असतो, चाकाची खुर्ची त्यावर जात नाही.

ऑफिसच्या खिडकीवर पाच दिवस एक कोरा तक्ता ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकाचं काम एका रेघेत नोंदवा: रेल्वे कन्सेशन, बोनाफाइड, महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल), फी, निकाल, ‘नुसतं विचारायला’. शेवटचा रकाना मोठा निघाला तर माणूस वाढवून उपयोग नाही, फलक नीट लावायला हवा. कन्सेशनची खिडकी लेक्चरच्या वेळातच उघडी असेल तर मुलं लेक्चर बुडवणारच. ती सुट्टीत आणि दोन्ही पाळ्यांच्या मधल्या अर्ध्या तासात उघडा. नाव, जन्मतारीख आणि घराजवळचं स्टेशन आयकार्डाशी ताडून पाहा, नाहीतर मूल रेल्वेच्या खिडकीवरून परत येतं. महाडीबीटीचे अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला पडून नाहीत ना हे दर सोमवारी पाहणं एकाच्या नावावर टाका. पैसे न आल्याची तक्रार असेल तर बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हा पहिला प्रश्न.

उत्तर कसं लावायचं

दोन आठवड्यांत एक पानी सूचना: काय मागितलं, काय केलं, काय सत्रानंतर होईल, काय होणार नाही आणि का. अभ्यासक्रम किंवा विद्यापीठाच्या परीक्षेचं वेळापत्रक कॉलेजच्या हातात नाही, ते तसं लिहा आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे पत्र पाठवलं असेल तर त्याची तारीख द्या. खर्चाच्या बाबी महाविद्यालय विकास समितीपुढे न्या. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार तिच्या वर्षाला किमान चार बैठका असतात आणि आयक्यूएसीचे समन्वयक तिचे सदस्य असतात. ‘नळ कमी पडतात’ असा विषय पुढच्या बैठकीवर जातो. नळ किती, बाटल्या किती, प्लंबरचं दरपत्रक किती रुपयांचं हे सोबत जोडलं तर त्याच बैठकीत मंजुरी मिळू शकते, आणि दिवाळीच्या सुट्टीत काम उरकून घेता येतं.