फळमाशीचे सापळे लावूनही आंब्यात अळी? या चुका टाळा

सापळा माश्यांनी भरलेला, तरीही हापूस कापला की आत अळी. बागायतदारांची ही तक्रार खरी आहे. पण बहुतेकदा दोष सापळ्याचा नसतो. ही माशी जोडीदार कसा निवडते, हे न कळताच तो टांगलेला असतो.

पुष्कळांना वाटतं, सापळ्यात मादीचा वास असतो. आंबा-पेरूच्या फळमाशीसाठी वापरतात ते मिथाइल युजेनॉल मादीचं नाहीच. तुळशीसह अनेक वनस्पतींत ते असतं. बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने शतकभरापूर्वी नरांना त्याचं असलेलं आकर्षण नोंदवलं. नर हे द्रव्य चाटतो, शरीरात त्याचं रूपांतर करून गुदाशयाच्या ग्रंथीत साठवतो आणि तिन्हीसांजेला, मीलनाच्या वेळी, हवेत सोडतो. ते खाल्लेल्या नराला मादी जास्त पसंत करते.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आमिष ताजं आणि मारण्याची सोय कच्ची. बाटलीला मोठी भोकं पाडलेली असतात किंवा बोळ्यातलं कीटकनाशक संपलेलं असतं. नर येतो, पोटभर चाटतो, निघून जातो आणि संध्याकाळी माद्यांना आणखी आवडतो. अशा सापळ्यापेक्षा सापळा नसलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळी थोडा वेळ सापळ्यापाशी उभं राहून बघा. आत गेलेली माशी बाहेर येत असेल, तर बोळा आणि भोकं दोन्ही त्याच दिवशी नीट करा. औषध भरताना फांदीवर, पानांवर सांडू देऊ नका. नर तिथेच बसून चाटतात.

दुसरी चूक उशिराची. कोषातून नुकताच निघालेला नर या वासाकडे फारसा वळत नाही. वयात येतो तशी ओढ वाढते. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे थोडे नर उरले तरी पुरतात. आणि जुगून झालेल्या मादीला सापळ्याशी काही देणंघेणं नसतं, ती थेट फळाला डंख मारून सालीखाली अंडी घालते. फळं तयार व्हायला लागल्यावर सापळे आणले, तर नुसते नर मोजत बसावं लागतं. त्याआधीच टांगा.

एकट्याने लावणं ही तिसरी. पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशक भिजवलेले तुकडे विमानातून टाकून ही माशी पूर्ण संपवली होती. 1965 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. पण ते बेट होतं. आपल्या बागेला समुद्राचं कुंपण नाही, शेजारच्या बागेतून जुगलेल्या माद्या सहज येतात. वाडीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात सापळे लावले, तरच नर खरोखर कमी पडतील.

कारली, दोडका, काकडीच्या मळ्यात आंब्याचं आमिष लावू नका. तिथली माशी वेगळी, तिचा नर क्यू ल्यूर या दुसऱ्या आमिषाकडे येतो.

सापळ्यातली संख्या घटली म्हणून माशी गेली, असंही धरून चालू नका. उन्हात टांगलेलं आमिष लवकर उडून जातं. सापळा झाडाच्या सावलीत, हात पोहोचेल एवढ्या उंचीवर ठेवा, आणि संख्या एकदम पडली तर आधी आमिष बदलून बघा.

2014 मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंबा थांबवला, त्यामागे फळमाशीच होती. बंदी पुढच्या वर्षी उठली, पण निर्यातीच्या पेटीत एकही अळी चालत नाही. म्हणून माद्यांसाठी प्रथिनयुक्त विषारी आमिष वेगळं वापरा. गळलेली, डंख लागलेली फळं मात्र रोजच्या रोज उचला: त्यातल्या अळ्या मातीत उतरून कोष करतात. ती बांधावर न टाकता जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, किंवा खोल पुरून टाका.