मुलाचा टीबी औषधांना दाद न देणारा आहे का? आधी घरात विचारा

लहान मुलांत असा टीबी बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडूनच येतो. म्हणून पहिला प्रश्न: गेल्या वर्षभरात घरात, शेजारी किंवा पाळणाघरात कुणाला एमडीआर टीबी (टीबीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी) होता का? उपचार अर्धवट सोडले, टीबी उलटला, उपचार चालू असताना कुणी दगावले? त्या रुग्णाचा औषध-संवेदनशीलतेचा (त्याच्या जंतूंवर कोणती औषधे चालतात याचा) रिपोर्ट मागून घ्या. मुलाची औषधे बरेचदा त्यावरूनच ठरतात.

मुलाने आधी टीबीची औषधे घेतली असतील, किंवा नियमित डोस घेऊनही दोन-तीन महिन्यांत वजन वाढत नसेल, तरी संशय धरा.

लहानग्यांना बेडका काढता येत नाही. सकाळी उपाशीपोटी जठरातला द्राव घेऊन सीबीनॅट (टीबीचे जंतू आणि त्यांचा औषधाला होणारा विरोध शोधणारी चाचणी) करा. जंतू कमी असल्याने निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त राहू नका.