गोव्याच्या मातीतले अर्धदैवी पात्र कसे घडवावे

पुराणकथांवर आधारलेल्या फॅनफिक्शनमध्ये, म्हणजे आधीच्या कथेचे जग घेऊन चाहत्यांनी रचलेल्या नव्या कथांमध्ये, नवे अर्धदैवी पात्र आणताना बहुतेक नवखे लेखक आधी त्याची शक्ती ठरवतात आणि मग तिला शोभेल असा जन्म, असे गाव आणि असे दुःख शोधत बसतात. हा क्रम उलटा करावा. आधी पात्राचे दैवताशी असलेले नाते ठरवावे, मग त्या नात्याने त्याच्यावर घातलेले बंधन. शक्ती त्या बंधनातूनच निघते, आणि निघाली नाही तर तिची गरज नव्हती असे समजावे.

महाभारतातील कर्ण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. जन्मजात कवचकुंडले अंगावर असेपर्यंत तो अवध्य आहे. इंद्र ती मागायला येणार हे सूर्य त्याला स्वप्नात सांगतो. तरीही याचकाला विन्मुख न पाठवण्याच्या व्रतापायी तो ती उतरवून देतो. बदल्यात मिळालेली अमोघ शक्ती एकदाच वापरता येते, ती तो अर्जुनासाठी राखून ठेवतो आणि अखेर घटोत्कचावर खर्च करून बसतो. येथे देवाचे देणे, पात्राचा स्वभाव आणि कथानक एकमेकांपासून सोडवून दाखवताच येत नाहीत. गोमंतकीय लेखकाला तर यात आणखी एक धागा सापडतो: सह्याद्रिखंडातील आख्यानानुसार ज्या परशुरामाने समुद्र मागे हटवून ही भूमी मिळवली, त्यानेच कर्णाला ऐनवेळी अस्त्र आठवणार नाही असा शाप दिला होता. कथेत शाप देणारा गुरू हवा असेल तर तो गोव्यातल्या बाणावलीच्या किनाऱ्यावरच भेटू शकतो.

दैवत निवडताना मात्र एक भान हवे. ग्रीक देवराज झ्यूसच्या प्रेमप्रकरणांवर कितीही लिहिले तरी शेजारच्या वाड्यावर कोणाचे मन दुखावत नाही. शांतादुर्गा, मंगेश, म्हाळसा, लईराई ही मात्र आजही उत्सवात पालखीत बसणारी, नित्य पूजेतली दैवते आहेत. त्यांच्या पदरी मानवी प्रियकर किंवा अनौरस मूल बांधणे मला अप्रशस्त वाटते, आणि त्याची आवश्यकताही नाही. नवसाने झालेले मूल, वराने लाभलेला अंश, भीष्मासारखा शापामुळे मानवजन्म घ्यावा लागलेला वसू, गावच्या राखणदाराने सांभाळलेले पोर, असे नाते जोडण्याचे किती तरी मार्ग परंपरेनेच दिले आहेत. नात्यांचा विस्तारही तयार आहे. लोककथेप्रमाणे शिरगावची लईराई आणि मुळगावची केळबाय या बहिणी, आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण (मेरीमाता) म्हणजे त्यांचीच बहीण मिराबाय. त्यामुळे लईराईला आई मानणाऱ्या नायकाची एक मावशी चर्चमध्ये असते, ही गोष्ट गोव्याबाहेरच्या लेखकाला सहसा सुचणार नाही. तसेच सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलामुळे मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून आणि म्हाळसा वेर्ण्याहून फोंड्याच्या बाजूला न्यावी लागली. ज्या दैवताला मूळ स्थान आणि नवे स्थान अशी दोन घरे आहेत, त्याच्या अंशालाही दोन ओढी असणार, आणि त्या परस्परविरुद्ध असल्या तर कथेला बाहेरचा खलनायकसुद्धा लागत नाही.

उदाहरणादाखल एक पात्र रचून पाहू. गोव्यात वेताळाला चामड्याच्या वहाणा अर्पण करतात, कारण रात्री तो गावाच्या शिवेवरून फिरतो आणि त्यात त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. आपली रुक्मा वेताळाच्या नवसाची मुलगी असून फेरीबोटीवर रात्रपाळी करते. शिवेच्या आत तिला काळोखातही वाट चुकत नाही आणि परका माणूस गावात शिरला की तिच्या पायांना ते आधी कळते. शीव ओलांडताच मात्र ती चारचौघींसारखी होते, आणि नदी ही गावाची शीव असल्यामुळे तिचे पोटापाण्याचे काम तिला रोज रात्री अनेकदा सामर्थ्यहीन करते. चप्पल महिनाभरही टिकत नाही, रात्री झोप लागत नाही, आणि लग्न करून दुसऱ्या गावी जायचे म्हणजे काय सोडायचे हे तिला नीट ठाऊक आहे. आता तिचा भाऊ पलीकडच्या काठावर संकटात सापडला, एवढे लिहिले की कथा चालू लागते. देवळात प्रसाद लावून, म्हणजे मूर्तीवर पाकळ्या चिकटवून कौल मागत, तिने विचारले, तरी मूर्तीवरची पाकळी उजवीकडे किंवा डावीकडे पडेल. कारण सांगणार नाही. कोड्यात बोलणाऱ्या भविष्यवाणीपेक्षा ही पद्धत लेखकाच्या अधिक उपयोगाची आहे, कारण चुकीचा अर्थ लावण्याचे काम पूर्णपणे पात्राकडे राहते.

ग्रीक देवांच्या कल्पित जगात लिहीत असाल तर त्या जगाचे नियम जसेच्या तसे पाळावेत आणि केवळ पात्राचे घर गोव्यात आणावे. समुद्रदेव पोसायडनचा मुलगा खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, गावात वाढला असे धरा. तिथे बांध आणि मानस (पाणी अडवणारी दारे) यांची सारी व्यवस्था खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून असते; कोरगूटसारखे भात खारेपणा सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे. मुलाच्या रागाबरोबर भरती चढत असेल तर बापाचे देणे आईच्या शेताचा नाश करते, आणि बांध फुटला की नुकसान एका घराचे राहत नाही.

नाव, रूप आणि पोशाख यांवर फार वेळ घालवू नये; डोळ्यांचा अद्भुत रंग हा बहुधा स्वभाव न सुचल्याचा पुरावा असतो. निर्दोष, सर्वांना प्रिय आणि मूळ कथेतील नायकांना निष्प्रभ करणाऱ्या पात्राला फॅनफिक्शनचे वाचक ‘मेरी स्यू’ म्हणतात, आणि हे नाव १९७३ सालच्या एका विडंबनकथेतून आले आहे. असा आरोप टाळण्यासाठी पात्राला अडखळत बोलण्यासारखा एखादा किरकोळ दोष चिकटवून भागत नाही. त्याच्या अनुपस्थितीत मूळ पात्रांचे काय अडले असते, हे एका वाक्यात लिहून पाहावे, आणि उत्तर ‘सर्व काही’ असे आले तर पात्राचे सामर्थ्य निम्मे करावे.

पहिल्या प्रकरणात शक्ती दाखवण्याआधी तिची मर्यादा दाखवावी. रुक्मा प्रथम भेटावी ती नदीच्या मध्यावर. निवेदन मराठीत असले तरी संवादांत गावची कोंकणी येऊ द्यावी, मात्र ती ज्या तालुक्याची आहे त्याच तालुक्याची असावी, कारण पेडण्याच्या आजीच्या तोंडी काणकोणची बोली आली तर गोव्यातला वाचक देवाच्या चमत्कारावर विश्वास ठेवील, पण त्या आजीवर ठेवणार नाही.