तुमचा गॅरामाँड खरंच गारामाँचा आहे का? असं तपासा

वर्डच्या फॉन्ट-यादीत 'गॅरामाँड' असतो. नाव सोळाव्या शतकातला पॅरिसचा, छपाईच्या अक्षरांचे ठसे कोरणारा क्लोद गारामाँ याचं. वळण मात्र दुसऱ्याच माणसाचं. डोळ्यांनी खात्री करून घ्या.

आधी तुलनेसाठी ईबी गॅरामाँड हा मोफत फॉन्ट उतरवून घ्या. तो १५९२ साली फ्रँकफुर्टमध्ये छापलेल्या नमुनापत्रकावरून बेतलेला आहे आणि त्या पत्रकात गारामाँचे छपाईचे खिळे त्याच्या नावानिशी दाखवलेले आहेत. म्हणजे मोजपट्टी भरवशाची.

दोन्ही फॉन्टमध्ये रोमन लिपीतली लहान एम, एन आणि आर १५० पॉइंटला टाइप करा. बारा पॉइंटला काही दिसणार नाही, उगाच चष्म्याला दोष द्याल. आता उभ्या दांडीच्या वरच्या डाव्या टोकाची त्रिकोणी नोक, म्हणजे सेरिफ, पाहा. गारामाँच्या अक्षरात तिचा उतार सौम्य असतो. वर्डमधल्या फॉन्टात तो चांगलाच खडा दिसेल. सगळ्यात भरवशाची खूण हीच.

मग कॅपिटल अक्षरांची एक ओळ इटॅलिक करा. वर्डच्या फॉन्टात प्रत्येक अक्षर आपल्या मर्जीने कललेलं वाटतं. मला हा विस्कळीतपणा आवडतो, पण तो गारामाँचा नव्हे. (ईबीची तिरपी अक्षरंही त्याची नाहीत बरं का, ती त्याचाच समकालीन रोबेर ग्रांजाँ याच्या वळणाची.)

वर्डच्या फॉन्टातलं वळण ज्याचं, तो दुसरा माणूस म्हणजे फ्रान्समधल्या सेदाँचा मुद्रक जाँ जानों. त्याने आपल्या अक्षरांचा नमुना १६२१ साली छापला, गारामाँ वारल्यावर साठ वर्षांनी. त्याच्या अक्षरांचे साचे पॅरिसच्या शाही छापखान्यात पडून राहिले आणि पुढे गारामाँच्या नावावर खपले. छपाईची अक्षरं बनवणाऱ्या मोनोटाइप कंपनीने १९२२ मध्ये त्यांचीच नक्कल काढली. वर्डमध्ये येतो तो हाच फॉन्ट. १९२६ मध्ये मुद्रणाच्या अभ्यासक बिअट्रिस वॉर्ड यांनी 'पॉल बोजों' या पुरुषी टोपणनावाने लेख लिहून घोळ उघड केला. मोनोटाइपने त्या 'बोजों'ना नोकरी देऊ केली, तेव्हा समोर बाई उभ्या राहिल्या! फॉन्टचं नाव मात्र कुणी बदललं नाही.

यादीत आयटीसी गॅरामाँड (आयटीसी या फॉन्ट-कंपनीचा) असेल, तर ही कसोटी लावत बसू नका. १९७५ च्या त्या फॉन्टात लहान अक्षरं इतकी उंच आहेत की तो लांबूनच ओळखू येतो.