बिल्ड हिरवं, पण फाईलच तयार नाही: एक्झिट कोड तपासताना या चुका टाळा

लॉगमध्ये कंपायलरची एरर स्पष्ट दिसते, तरी बिल्ड यशस्वी ठरतं. कंपायलरने आपलं काम चोख केलेलं असतं. त्याचा एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो यश-अपयशाचा आकडा, स्क्रिप्टमध्ये मध्येच हरवतो. 0 म्हणजे यश, 1 ते 255 म्हणजे अपयश. स्क्रिप्टने स्वतःहून कोड दिला नाही, तर तिच्या शेवटच्या कमांडचा कोडच पुढे जातो. शेवटी 'बिल्ड संपलं' छापणारा एको असला की उत्तर 0.

सगळ्यात जास्त घोळ पाइपमध्ये होतो. पाइप (|) एका कमांडचं आउटपुट दुसरीला देतो. बिल्ड करणाऱ्या मेकचं आउटपुट पाइपने लॉग लिहिणाऱ्या टी कमांडला दिलं, तर मिळणारा कोड टीचा असतो, आणि टीला लॉग लिहिता आला की मेक पडल्याचा पत्ताच लागत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ओ पाइपफेल' लिहा, म्हणजे पाइपमधली कोणतीही कमांड पडली तरी अपयशाचा कोड मिळतो. पाइपमधली नेमकी कोणती कमांड पडली हे बॅश या शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पाइपस्टेटस अ‍ॅरेत कळतं, पण तो लगेच पुढच्याच ओळीत वाचावा लागतो. पहिल्या ओळीत बॅश लिहूनही स्क्रिप्ट 'एसएच' लावून चालवली, तर ती ओळ धरली जात नाही. डेबियन आणि उबुंटूवर मग डॅश हा दुसरा शेल चालतो, आणि त्यात पाइपस्टेटस नाही.

कमांड पडताच स्क्रिप्ट थांबवणारं 'सेट -ई' लावलं की निश्चिंत झालो, हा समज महागात पडतो. इफच्या अटीत, तसंच && किंवा || च्या डावीकडे ते लागू होत नाही. एखादं फंक्शन इफमध्ये बोलावलं, तर त्या फंक्शनच्या आतली प्रत्येक ओळही त्यातून सुटते. फंक्शनपुरतं व्हेरिएबल जाहीर करणाऱ्या 'लोकल'च्या ओळीतच कमांडचं आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेतलं, तर तिचा कोड झाकला जातो आणि लोकलचा 0 मिळतो. म्हणून आधी व्हेरिएबल जाहीर करा, किंमत पुढच्या ओळीत भरा.

$? मध्ये आधीच्या कमांडचा कोड असतो, म्हणून तो प्रत्येक कमांडनंतर बदलतो. आधी एकोने छापून मग तपासलात, तर एकोलाच तपासलंत. तो आधी व्हेरिएबलमध्ये ठेवा.

मजकूर शोधणाऱ्या ग्रेप कमांडचा 1 म्हणजे फक्त जुळणी सापडली नाही. 2 म्हणजे खरी एरर. अपयशानंतरही यशाचा कोड देणारं '|| ट्रू' दोन्ही गिळून टाकतं, तेव्हा ते न लावता कोड वेगवेगळे हाताळा. बॅकग्राउंडला सोडलेल्या कामांसाठी ती संपेपर्यंत थांबायला नुसतं 'वेट' लिहिलं तर 0 मिळतो. प्रत्येक कामाचा $! (त्याचा प्रोसेस क्रमांक) जपून ठेवा आणि एकेकासाठी वेगळं वेट करा.

कोड 127 आला तर कमांड सापडलेली नाही, आधी पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) बघा. 126 असेल तर ती चालवता आली नाही, बहुधा परवानगी नाही. 137 म्हणजे 128 अधिक 9, प्रोसेस सक्तीने मारली गेली. कंटेनरमध्ये मेमरी संपणं हे त्याचं नेहमीचं कारण. एररची संख्याच एक्झिट कोड म्हणून देऊ नका, कारण 256 चा 0 होतो.

दुरुस्तीनंतर प्रत्येक टप्प्यावर, पाइपच्या डाव्या बाजूलाही, नेहमी अपयशी ठरणारी 'फॉल्स' कमांड तात्पुरती घालून बिल्ड चालवा. जिथे ते लाल होत नाही, तिथे कोड अजून गळतोय.