पूर ओसरल्यानंतरचे सहा महिने: घरातल्या वयस्कर माणसांसाठी

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं, तसा पूर आला की पहिले पंधरा दिवस सगळं लक्ष गाळ, साप, गॅस्ट्रो आणि लेप्टोकडे (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाकडे) जातं. ते बरोबरच आहे. पण वयस्कर माणसं खरी खचतात ती घर धुऊन झाल्यावर: रक्तदाब चढलेलाच राहतो, साखर हलते, पायांतलं बळ जातं, माणूस बोलेनासा होतो. म्हणून आखणी सहा महिन्यांची करा.

सुरुवात गोळ्यांपासून. पुराच्या पाण्यात भिजलेलं औषध वरून सुकलेलं दिसलं तरी टाकून द्या. वापरात असलेलं इन्सुलिन 30 अंशांखाली साधारण 28 दिवस टिकतं. नेमकी मुदत पाकिटातल्या पत्रकात पाहा. वीज नसेल तर कोरड्या डब्यात घालून ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात ठेवा. थेट बर्फावर नको, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल (रक्तदाब-हृदयाच्या गोळ्या), प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आणि फिटच्या गोळ्या एकदम थांबल्या तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे या गोळ्या सगळ्यात आधी मिळवा. खंड पडला म्हणून दुप्पट डोस मात्र देऊ नका. डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करा. चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या.

रक्तदाब सलग 7 दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू बंद, 5 मिनिटं पाठ टेकून शांत बसणं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. 135/85 किंवा त्याहून जास्त आली तर दाखवा. मग उभं करून 1 आणि 3 मिनिटांनी मोजा. वरचा आकडा 20 ने उतरत असेल तर पडण्याची भीती आहे. मदतीत येणारं फरसाण, लोणचं, नूडल्स यांतलं मीठ रक्तदाब वाढवतं, हे घरात कुणाच्या ध्यानातच येत नाही. हृदय कमकुवत असलेल्यांचं वजन रोज करा. 3 दिवसांत 2 किलो वाढलं तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नका.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. “तुम्ही बसा, आम्ही करतो” असं म्हणत सून-मुलगा मायेपोटी आजीला खुर्चीत बसवतात आणि तिचे पाय तिथेच गळतात. निवडणं, घड्या घालणं, अंगणात झाडांना पाणी घालणं, असं काम वाटून द्या. महिन्यातून एकदा हात छातीशी घेऊन खुर्चीतून 5 वेळा उठ-बस करायला लावा. 15 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर व्यायाम आणि प्रथिनं, म्हणजे अंडी, डाळ, दूध, वाढवायची वेळ झाली. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा.

जपानमध्ये 2011 च्या त्सुनामीनंतर इवानुमा शहरात ज्येष्ठांचा अभ्यास झाला. शेजाऱ्यांसकट एकत्र हललेल्यांचे संबंध टिकले. घर गमावलेल्यांची स्मरणशक्ती जास्त घसरली. त्यामुळे भाड्याचं घर शोधताना दोन खोल्या कमी चालतील, पण जुनी गल्ली जवळ हवी. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र वाहून गेलं असेल तर पहिल्या महिन्यातच नवं करा. ऐकू न येणारा माणूस कट्ट्यावर जाणं सोडतो.

झोप उडणं, जेवण टाळणं, “आता कशाला जगायचं” असं बोलणं दोन आठवडे टिकलं तर वयावर ढकलू नका. मरणाचं बोलणं असेल तर दोन आठवडेही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे.