रानात दडलेल्या चिरेखाणी ड्रोनने शोधताना या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिरे काढून सोडून दिलेल्या जांभ्याच्या खाणी काही पावसाळ्यांत झाडोऱ्याखाली जातात. काठ सरळ उभे, वर करवंदीच्या जाळ्या. गुरं पडतात, माणसंही पडतात. म्हणून सर्वेक्षण करायचं, आणि नकाशातून नेमकी खाणच गायब! हे आता बघवत नाही.

पॉइंट क्लाउड, म्हणजे लेझरने मोजलेल्या असंख्य ठिपक्यांचा संच, डोळे मिटून साफ करणं. सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. लांजा भागातल्या एका सड्यालगत (कातळाच्या पठारालगत) लायडार, म्हणजे लेझर किरण टाकून उंची मोजणारं यंत्र, ड्रोनवरून उडवलेल्या मंडळींच्या नकाशात अंजनीच्या झाडांच्या दाटीखाली जमीन सपाट होती. गुराखी मात्र ठामपणे सांगत होते, तिथे खाण आहे. मी मूळ डेटा मागवला, त्यातून दोन मीटर रुंदीची पट्टी कापली आणि बाजूने, छेदासारखी पाहिली. वर पानांचा जाड थर, मग मोकळी जागा आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा पाचेक मीटर खाली मोजकेच ठिपके, पण एका ओळीत. तो खाणीचा तळ होता. दाट पानांतून तिथवर थोडेच किरण पोचले होते. सॉफ्टवेअरने ते ठिपके जमिनीखालचा गोंगाट, म्हणजे चुकीची मापं, समजून उडवले आणि या काठापासून त्या काठापर्यंत चादर ताणावी तशी जमीन ताणून दिली.

मी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवतो, खालचे ठिपके काढणारा फिल्टर पहिल्या फेरीत बंद ठेवतो आणि संशयाच्या प्रत्येक जागेचा छेद स्वतः बघतो. वेळ जातो, जाऊ दे. एका बटणात नकाशा हवा असलेल्या नवशिक्यांनी हे काम घेऊच नये.

साध्या कॅमेऱ्यावर भागवणं. फोटो जुळवून मिळतो तो झाडांच्या शेंड्यांचा पृष्ठभाग, जमिनीचा नाही. लायडार परवडत नसेल तर गूगल अर्थवरची जुनी चित्रं मागे मागे नेत बघा. रान माजण्याआधीचा तांबडा, उघडा खड्डा बऱ्याचदा तिथेच सापडतो.

दिवाळीच्या आसपास उड्डाण. तेव्हा रान गच्च असतं आणि खड्ड्यात पाणी. लायडारचा अवरक्त किरण पाणी शोषून घेतं, तळ मिळतच नाही. शिमग्याच्या सुमारास जा, ऐन-किंजळाची पानं झडलेली असतात. अंजनी मात्र सदाहरित, तिथे उड्डाणाच्या ओळी दाट ठेवा.

एकाच दिशेचा हिलशेड, म्हणजे उंचसखलपणा दिसावा म्हणून नकाशावर टाकलेली कृत्रिम उजेड-सावली. उजेडाच्या रेषेत येणारा काठ दिसत नाही. निदान चार दिशांनी उजेड टाकून बघा. दक्षिणेकडून टाकलात तर खड्डा उंचवटा भासतो, म्हणून उंचीचे आकडे तपासा.

प्रत्येक खोलगट जागेला खाण म्हणणं. काटकोनी कोपरे, ट्रक उतरायचा उतार आणि शेजारी फुटक्या चिऱ्यांचा ढीग शोधा. सड्यावरची नैसर्गिक डबकी अशी नसतात.

परवानगी गृहीत धरणं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात (पूर्वपरवानगी न लागणाऱ्या हवाई हद्दीत) ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, पण वनजमीन असेल तर वनखात्याला आधी विचारा.

शेवटी जागेवर जाल तेव्हा गुराख्याला सोबत घ्या आणि ट्रकच्या उताराकडूनच आत शिरा. काठावरच्या जाळीखाली जमीन असेलच असं नाही.